घरच्या कुत्र्याचा आहार : किती वेळा, किती आणि कसा?

घरातील माणसांची जेवणे आटोपली, की उरलेली पोळी आमटीत कुस्करावयाची, त्यावर ताटातील उरलासुरला भात आणि मटणाच्या दिवशी हाडे घालावयाची आणि ते भांडे अंगणातील कुत्र्यापुढे सरकवावयाचे, ही आपल्याकडील पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. शहरातील सदनिकांमध्ये चित्र थोडे निराळे दिसते. तेथे घरातील प्रत्येकजण आपल्या हाताने कुत्र्याला काही ना काही भरवीत असतो. आजोबांच्या चहाबरोबर बिस्किटे, मुलांच्या डब्यातील उरलेला घास, रात्री पाहुण्यांच्या ताटातील तुकडा, असा दिवसभर त्याचा रतीब चालू राहतो. माया दोन्ही घरांत आहे. पण एका घरी कुत्र्याचा आहार उरलेल्या अन्नावर ठरतो आणि दुसऱ्या घरी त्याच्या मागण्यावर ठरतो. त्याच्या गरजेवर तो कोठेच ठरत नाही.

कुत्र्याला स्वतःचे अन्न निवडता येत नाही. पुढ्यात येईल ते तो खातो आणि त्याचे परिणामही निमूटपणे सोसतो. पिलांच्या पायांना येणारा बाक, वारंवार होणारी हगवण, कमी वयात जडणारे स्थूलत्व, स्वादुपिंडाचा दाह यांसारख्या अनेक दुखण्यांचे मूळ त्याच्या वाडग्यात असते. इतकेच नव्हे, तर कुत्र्याला चुकीचे अन्न घातल्यामुळे घरातील मुलाबाळांच्या आरोग्यालाही धोका पोहोचू शकतो. म्हणून हा विषय केवळ हौशी लोकांचा न मानता प्रत्येक श्वानपालक कुटुंबाने समजावून घेतला पाहिजे.

मांसाहारी, पण माणसाच्या पंक्तीतला

कुत्रा हा लांडग्याचा वंशज होय. त्याचे सुळे, त्याचा जबडा आणि अन्न न चावता गिळण्याची त्याची सवय ही त्या वंशाची साक्ष देतात. तथापि हजारो वर्षे माणसाच्या सहवासात राहिल्यामुळे त्याच्या पचनसंस्थेत मोठा बदल घडून आला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात असे आढळले, की पिष्टमय पदार्थ पचविणारे अमायलेज हे एन्झाइम तयार करणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी अधिक असतात. शेती करू लागलेल्या माणसाच्या वस्तीत उरलेसुरले धान्य खाऊन जगणाऱ्या प्राण्याने हे सामर्थ्य मिळविले, असा त्याचा अर्थ आहे. धनगरांच्या वाड्यावरील कुत्रे भाकरीवर कसे गुजराण करते, याचा उलगडा यातून होतो.

परंतु भाकरी पचते म्हणजे केवळ भाकरी पुरते, असे नव्हे. कुत्र्याला माणसापेक्षा प्रथिनांची गरज अधिक असते. प्रौढ कुत्र्याच्या अन्नातील पाण्याचा अंश वगळता उरणाऱ्या भागात निदान १८ टक्के, तर वाढत्या पिलाच्या अन्नात निदान साडेबावीस टक्के प्रथिने असावीत, असे सर्वसाधारण प्रमाण मानले जाते. याशिवाय स्निग्ध पदार्थ, कॅल्शियम, फॉस्फरस, जस्त, लोह आणि जीवनसत्त्वे यांचा योग्य मेळ त्यास लागतो.

दिवसातून किती वेळा?

या प्रश्नाचे उत्तर कुत्र्याच्या वयावर अवलंबून आहे. पिलाचे पोट लहान आणि वाढ झपाट्याची, त्यामुळे त्याला थोडे थोडे पण अनेक वेळा खाऊ घालावे लागते. वय वाढेल तसतशा वेळा कमी कराव्यात. साधारण क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा :

सहा ते बारा आठवडे : दिवसातून चार वेळा. उदाहरणार्थ, सकाळी ७, दुपारी १२, सायंकाळी ५ आणि रात्री ९.

तीन ते सहा महिने : दिवसातून तीन वेळा.

सहा महिन्यांनंतर : दिवसातून दोन वेळा, सुमारे १० ते १२ तासांच्या अंतराने.

वृद्ध किंवा आजारातून उठलेले कुत्रे : तेवढेच अन्न विभागून दोन ते तीन वेळा.

पिलू आईजवळून सहा आठवड्यांच्या आत आणू नये. आठ आठवडे होऊ दिल्यास अधिक चांगले. लहान चणीच्या जातींची पिले फार वेळ उपाशी राहिली, तर त्यांच्या रक्तातील साखर एकाएकी उतरते. पिलू लटपटते, मलूल होते आणि काही वेळा झटके येतात. अशा पिलांची रात्रीची वेळ चुकवू नये.

गाभण कुत्रीचा काळ साधारण ६३ दिवसांचा असतो. पहिले पाच-सहा आठवडे तिचा नेहमीचा आहार पुरतो. शेवटच्या तीन आठवड्यांत तो हळूहळू सव्वापट ते दीडपट करावा आणि पोटात जागा कमी राहिल्याने तीन-चार वेळा विभागून द्यावा. पिलांना दूध पाजण्याच्या काळात, विशेषतः तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, तिची भूक दुपटीहूनही वाढते. या काळात तिला हात आखडता घेऊन खाऊ घालणे म्हणजे तिच्या अंगातील मांस पिलांना देण्यासारखे होय.

प्रौढ कुत्र्याला एक वेळ द्यावे की दोन वेळा, याविषयी श्वानपालकांत मतभेद आढळतात. अमेरिकेत २४ हजारांहून अधिक कुत्र्यांची माहिती जमवून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, दिवसातून एकदाच खाणाऱ्या प्रौढ कुत्र्यांत काही विकारांचे प्रमाण कमी आढळले. मात्र ती पाहणी एका वेळची होती. एकदाच खाण्यामुळे कुत्रे निरोगी राहिले, की निरोगी कुत्र्यांनाच एकदा खाऊ घातले जात होते, हे तिच्यावरून सिद्ध होत नाही. उलट, खोल छातीच्या मोठ्या जातींना, उदाहरणार्थ ग्रेट डेन किंवा जर्मन शेफर्ड, एकाच वेळी भरपूर अन्न दिल्यास पोट फुगून त्याला पीळ पडण्याचा धोका वाढतो. हा विकार काही तासांत प्राण घेऊ शकतो. पोट टम्म फुगले आहे, कुत्रे ओकू पाहते पण काहीच पडत नाही, अशी लक्षणे दिसताच एक क्षणही न दवडता पशुवैद्यकाकडे न्यावे. सामान्य घरासाठी दोन वेळांचा नियम सोयीचा आणि सुरक्षितही आहे.

ठरलेली वेळ, ठरलेली जागा

रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलॉव्ह यांना १९०४ साली मिळालेले नोबेल पारितोषिक पचनक्रियेवरील संशोधनासाठी होते आणि ते संशोधन त्यांनी कुत्र्यांवर केले होते. अन्न तोंडात पडण्यापूर्वीच, त्याच्या नुसत्या चाहुलीने कुत्र्याची लाळ व जठररस पाझरू लागतात, हे त्यांनी दाखवून दिले. ठरावीक वेळी, ठरावीक भांड्यात आणि ठरावीक जागी अन्न मिळाले, की शरीर ते स्वीकारण्याच्या तयारीत असते. मलविसर्जनाची वेळही त्यामुळे ठरून जाते, आणि सदनिकेत राहणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने ही लहान सोय नव्हे.

अन्न पुढे ठेवल्यावर पंधरा ते वीस मिनिटे थांबावे. तेवढ्यात कुत्र्याने जे खाल्ले नाही ते उचलून घ्यावे आणि पुढच्या वेळेपर्यंत काही देऊ नये. दिवसभर भांडे भरून ठेवण्याने अन्न आंबते, माश्या व मुंग्या येतात आणि कुत्र्याने नेमके केव्हा खाणे कमी केले, हे ध्यानातच येत नाही. भूक मंदावणे ही बहुतेक आजारांची पहिली सूचना असते. प्रौढ कुत्र्याने पूर्ण दिवस अन्नास तोंड लावले नाही, तर पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा. पिलाच्या बाबतीत एवढीही वाट पाहू नये.

कुत्रे खात असताना त्याच्या अंगावर हात टाकू नये, भांडे ओढू नये व लहान मुलांना जवळ जाऊ देऊ नये. घरचे कुत्रे मुलाला चावण्याचे प्रसंग पुष्कळदा भांड्याजवळच घडतात. दोन कुत्री असल्यास भांडी वेगळी आणि दूर असावीत. फिरवून किंवा धाववून आणल्यावर निदान अर्धा तास आणि खाल्ल्यावर निदान एक तास विश्रांती द्यावी.

किती द्यावे?

मूठ, पसा किंवा वाडगा या मापांनी आहार ठरविण्यापेक्षा तो कुत्र्याच्या वजनावरून ठरवावा. नसबंदी केलेल्या व घरात राहणाऱ्या प्रौढ कुत्र्याला रोज लागणारी ऊर्जा किलोकॅलरीत, म्हणजे नेहमीच्या बोलण्यातील उष्मांकांत, अंदाजे अशी असते :

५ किलो वजनास ३७५ उष्मांक.

१० किलो वजनास ६३० उष्मांक.

२० किलो वजनास १,०६० उष्मांक.

३० किलो वजनास १,४३५ उष्मांक.

वजन दुप्पट झाले म्हणून आहार दुप्पट होत नाही, हे या आकड्यांवरून लक्षात येईल. नसबंदी न केलेल्या कुत्र्यास यापेक्षा किंचित अधिक आणि राखणीचे किंवा धावपळीचे काम करणाऱ्यास बरेच अधिक लागते. चार महिन्यांखालील पिलास त्याच्या वजनाच्या मानाने प्रौढाच्या जवळजवळ दुप्पट ऊर्जा लागते.

आता बिस्किटांचा हिशेब पाहावा. एका साध्या ग्लुकोज बिस्किटात वीस-बावीस उष्मांक असतात. पाच किलोच्या पॉमेरेनियन कुत्र्याने घरातील चार माणसांकडून दिवसभरात पाच बिस्किटे मिळविली, तर त्याच्या रोजच्या गरजेचा सुमारे ३० टक्के भाग केवळ मैदा आणि साखर यांनी भरला. वरचा खाऊ एकूण उष्मांकांच्या दहाव्या हिश्शाहून अधिक नसावा, असा संकेत आहे. या कुत्र्याच्या बाबतीत तो दोन बिस्किटांपेक्षाही कमी भरतो. म्हणून घरात एकाच व्यक्तीने आहाराची जबाबदारी घ्यावी आणि इतरांनी तिला विचारल्याशिवाय काही देऊ नये.

अतिपोषणाची किंमत आयुष्यात मोजावी लागते. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर कुत्र्यांच्या जोड्या लावून एक दीर्घ प्रयोग करण्यात आला. प्रत्येक जोडीतील एका कुत्र्याला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न आयुष्यभर देण्यात आले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार कमी खाणारी कुत्री सरासरी पावणेदोन वर्षांहून थोडी अधिक जगली आणि सांध्यांचे दुखणेही त्यांना उशिरा जडले. कुत्र्याच्या आयुष्याची दोरी मुळातच आखूड, हे लक्षात घेता ही दोन वर्षे फार मोलाची ठरतात.

घरचे अन्न कसे असावे?

घरी शिजविलेल्या अन्नावर कुत्रे उत्तम राहू शकते. मात्र ते अन्न त्याच्यासाठी शिजविलेले असावे. वीस किलोच्या प्रौढ कुत्र्यासाठी एका दिवसाचा नमुना असा घेता येईल : बिनहाडाची उकडलेली कोंबडी २५० ग्रॅम, शिजलेला भात ३५० ग्रॅम, एक उकडलेले अंडे, शिजविलेले गाजर, दुधी किंवा लाल भोपळा १०० ग्रॅम आणि दोन चहाचे चमचे तेल. हे अन्न दोन वेळांत विभागून, कोमट असताना द्यावे. भाताऐवजी ज्वारीची किंवा नाचणीची भाकरी चालते. मीठ, तिखट, हळद-मसाल्याची फोडणी यांची जरुरी नसते.

या नमुन्यात एक मोठी उणीव आहे, ती म्हणजे कॅल्शियमची. मांसात फॉस्फरस भरपूर, पण कॅल्शियम नगण्य असते. पशुवैद्यकाने ठरवून दिलेल्या मात्रेत कॅल्शियम आणि खनिज-जीवनसत्त्वांचे मिश्रण मिसळल्याशिवाय घरचा आहार पूर्ण होत नाही.

दूध आणि पोळी हा आपल्याकडील कुत्र्यांचा सर्वांत प्रचलित आहार होय. त्यावर कुत्रे जगते; पण प्रथिने, जस्त, लोह यांची त्यात चणचण राहते. केस राठ होणे, कातडी खपलीदार होणे ही त्याची दृश्य चिन्हे आहेत. शिवाय दूधपिते वय सरल्यावर पुष्कळ कुत्र्यांना दुधातील साखर पचत नाही आणि पोट बिघडते. अशांना दुधाऐवजी थोडे दही किंवा मीठ न घातलेले ताक मानवते.

शाकाहारी कुटुंबांनी कुत्रे पाळू नये, असे नाही. मांजराप्रमाणे कुत्रे मांसावाचून अगदीच अडत नाही. अंडी, पनीर, दही, सोयाबीन आणि चांगल्या शिजलेल्या डाळी यांच्या साह्याने त्याची प्रथिनांची गरज भागविता येते. परंतु असा आहार अंदाजाने ठरविणे जोखमीचे असल्याने तो पशुवैद्यकाकडून आखून घ्यावा आणि वाढत्या पिलाच्या बाबतीत तर विशेष दक्षता घ्यावी.

पिलांचे पाय का वाकतात?

हौसेने आणलेल्या मोठ्या जातीच्या पिलाला पुष्कळदा दोन टोकांचा आहार मिळतो. एका घरी ताकदीसाठी म्हणून निव्वळ मांस दिले जाते. कॅल्शियमअभावी शरीर हाडांतील कॅल्शियम काढून घेते. हाडे ठिसूळ होतात, पाय वाकतात आणि साध्या उडीनेही अस्थिभंग होतो. लोक याला सरसकट मुडदूस म्हणतात. याचे कारण जीवनसत्त्व ड च्या अभावापेक्षा निव्वळ मांसाच्या आहारात अधिक वेळा सापडते. दुसऱ्या घरी समतोल खाद्य चालू असतानाच वर कॅल्शियमच्या गोळ्या व पातळ औषधे भरपूर दिली जातात. मोठ्या जातींच्या पिलांत कॅल्शियमचा अतिरेकही हाडांची व सांध्यांची वाढ बिघडवितो. शेजाऱ्याने दिले म्हणून आपल्या पिलाला देणे, हा मार्ग दोन्ही बाबतींत घातक आहे.

स्वयंपाकघरातील विषे

माणसाला पौष्टिक असलेले काही पदार्थ कुत्र्याला विषासमान असतात. त्यांपैकी पहिला मान कांद्याचा. कांदा व लसूण यांतील द्रव्ये कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींचा नाश करतात. कांदा चिरला, भाजला, वाळविला किंवा शिजविला, तरी हा गुण जात नाही. दर किलो वजनामागे १५ ते ३० ग्रॅम कांदा पोटात गेल्यास रक्तात दिसण्याजोगे बदल होतात. म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला दोन मध्यम कांदे पुरेसे होत. थोडा थोडा कांदा रोज गेल्यानेही अपाय साठत जातो. आपल्या घरांतील रस्सा, आमटी आणि भाजी यांचा पाया कांदा-लसणाच्या वाटणाचा असतो, हे ध्यानी घेतले, म्हणजे उरलेली आमटी कुत्र्याला घालण्यातील धोका कळून येईल. हिरड्या फिकट पडणे, धाप लागणे, लघवी तांबूस होणे ही लक्षणे दिसताच उपचार करावेत.

द्राक्षे आणि बेदाणे हे दुसरे विष होय. नाशिक व सांगलीसारख्या द्राक्षांच्या जिल्ह्यांत ही गोष्ट प्रत्येक घरी माहीत असावयास हवी. त्यांमुळे कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते आणि कोणत्या कुत्र्याला किती मात्रा बाधेल, याचा नेम नाही. द्राक्षांतील टार्टारिक आम्ल हे यामागील कारण असावे, असा विचार २०२१ मध्ये अमेरिकेतील विषतज्ज्ञ पशुवैद्यकांनी मांडला. हेच आम्ल चिंचेतही भरपूर असते. म्हणून चिंचेचे सार, चिंच घातलेली आमटी, तसेच बेदाणे घातलेला शिरा व लाडू कुत्र्यापासून दूर ठेवावेत.

चॉकलेट, विशेषतः गडद रंगाचे, हृदयाचे ठोके अनियमित करते. साखरविरहित च्युइंगमसारख्या पदार्थांतील झायलिटॉल हे गोडीचे द्रव्य कुत्र्याच्या रक्तातील साखर धोकादायक रीतीने उतरविते. दिवाळीतील तळलेले फराळाचे पदार्थ आणि मटणाची चरबी स्वादुपिंडाचा दाह निर्माण करू शकतात. शिजविलेली हाडे, त्यांतही कोंबडीची, चावताना टोकदार फुटतात आणि घशात किंवा आतड्यात रुततात. हाडूक कुत्र्याला हवेच, ही समजूत सोडून दिलेली बरी. असा एखादा पदार्थ कुत्र्याने खाल्ल्याचे कळल्यास लक्षणांची वाट न पाहता, काय आणि किती खाल्ले ते सांगून, पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा.

कच्ची वजडी आणि मुलांचे आरोग्य

खेड्यापाड्यांत जत्रा किंवा समारंभ असला, की बोकड कापला जातो आणि त्याची वजडी, फुप्फुसे, काळजाचा खराब दिसणारा भाग कुत्र्यांना टाकला जातो. या साध्या वाटणाऱ्या प्रथेतून एक दीर्घ आजार घरात शिरतो. शेळ्या-मेंढ्यांच्या काळजात व फुप्फुसात काही वेळा पाण्याने भरलेल्या गाठी असतात. त्या एका अतिशय लहान पट्टकृमीच्या अवस्था होत. कुत्र्याने त्या कच्च्या खाल्ल्या, की त्याच्या आतड्यात हे काही मिलिमीटर लांबीचे कृमी वाढतात व त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. अंडी कुत्र्याच्या केसांना चिकटतात, मातीत व भाजीपाल्यावर पसरतात. कुत्र्याशी खेळलेल्या मुलाने हात न धुता खाल्ले, तर ती त्याच्या पोटात जातात. मग त्याच्या यकृतात किंवा फुप्फुसात तशीच गाठ वर्षानुवर्षे गुपचूप वाढत राहते आणि पुष्कळदा शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर उरत नाही.

कुत्र्याच्या अंगी मात्र या कृमीची कोणतीही खूण दिसत नाही. म्हणून प्रतिबंध हाच खरा उपाय होय. कच्चे मांस, वजडी, काळीज कुत्र्याला कधीही घालू नये; द्यावयाचे तर भरपूर उकळून द्यावे. गाठी असलेले अवयव उघड्यावर न टाकता खोल पुरावेत किंवा जाळावेत. पिलांना दुसऱ्या आठवड्यापासून आणि प्रौढ कुत्र्यांना साधारण तीन महिन्यांनी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने जंतनाशक द्यावे. कुत्र्याची भांडी माणसांच्या भांड्यांत न मिसळता रोज स्वतंत्र घासावीत आणि मुलांना हात धुण्याची सवय लावावी.

पाणी आणि उन्हाळा

कुत्र्याला दर किलो वजनामागे रोज ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागते. वीस किलोच्या कुत्र्यास ते लिटरभर होते आणि उन्हाळ्यात त्याहून अधिक. माणसासारखा सर्वांगास घाम येत नसल्याने कुत्रे जीभ बाहेर काढून, धापा टाकून शरीर थंड ठेवते आणि त्यात पुष्कळ पाणी खर्च होते. विदर्भ-मराठवाड्यातील एप्रिल-मे महिन्यांत सावलीत दोन ठिकाणी पाणी ठेवावे व ते दिवसातून तीन-चार वेळा बदलावे. अन्न सूर्योदयाच्या सुमारास आणि सूर्यास्तानंतर द्यावे. उन्हात भूक थोडी कमी होणे स्वाभाविक आहे. मात्र पाणी पिणे एकाएकी फार वाढले किंवा बंद झाले, तर तपासणी करावी.

तयार खाद्य

बाजारात मिळणाऱ्या तयार खाद्याचा लाभ असा, की त्यात पोषक द्रव्यांचे प्रमाण ठरलेले असते. खरेदी करताना वेष्टनावर ‘संपूर्ण व समतोल आहार’ अशा अर्थाचा उल्लेख, कुत्र्याच्या वयोगटाचा निर्देश आणि वापराची अंतिम तारीख पाहावी. पाकिटावरील तक्ता हा प्रारंभीचा अंदाज समजून पुढे कुत्र्याच्या अंगलटीप्रमाणे प्रमाण कमी-जास्त करावे. पावसाळ्यात पोते उघडे राहिल्यास खाद्यास बुरशी धरते. असे खाद्य विषारी असल्याने फेकून द्यावे. घरच्या अन्नावरून तयार खाद्यावर किंवा उलट जाताना सात दिवस घ्यावेत. रोज जुने थोडे कमी व नवे थोडे अधिक केले, म्हणजे पोट बिघडत नाही.

हाताने करावयाची परीक्षा

आहार योग्य आहे किंवा नाही, हे ओळखण्याची सोपी खूण प्रत्येकाच्या हाती आहे. कुत्र्याच्या दोन्ही बरगड्यांवरून तळहात हलकेच फिरवावेत. बरगड्या न दाबता हाताला लागल्या, पण डोळ्यांना उठून दिसल्या नाहीत, तर आहार योग्य आहे. वरून पाहता कंबर थोडी आत गेलेली आणि बाजूने पाहता पोट वर ओढलेले असावे. बरगड्या शोधाव्या लागत असतील, तर अन्न दहा टक्क्यांनी कमी करून दोन आठवड्यांनी पुन्हा पाहावे. महाराष्ट्रातील कारवान आणि कर्नाटकातील मुधोळ या शिकारी जाती मुळातच सडपातळ असतात. त्यांच्या शेवटच्या बरगड्या व कमरेची हाडे दिसणे स्वाभाविक असते. कुत्रे खंगले, या समजुतीने त्यांना लठ्ठ करू नये.

कर्तव्य आणि कायदा

पाळलेल्या प्राण्यास पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या केंद्रीय अधिनियमाच्या कलम ११ नुसार अपराध आहे. कायद्याने पोटभर अन्नाची सक्ती करता येते; योग्य अन्नाची जाणीव मात्र पालकानेच ठेवावयाची असते. मार्गदर्शनासाठी तालुक्यातील पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. १८८६ पासून कार्यरत असलेले मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय आणि नागपूर येथील महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची इतर महाविद्यालये यांच्या चिकित्सालयांतूनही सल्ला मिळू शकतो. पिलाला पहिल्या लसीसाठी नेले जाते, त्याच भेटीत त्याचे वजन करून आहाराचा कागद लिहून घ्यावा आणि तो स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावावा.

वेळेवर, मोजून आणि त्याच्यासाठी म्हणून शिजविलेले अन्न, एवढीच कुत्र्याची मागणी असते. ती पुरविण्यास फार खर्च लागत नाही. दारात बसून घरातील माणसांची वाट पाहणाऱ्या या प्राण्याच्या वाडग्यात काय पडते, याकडे दिवसातून दोनदा नीट लक्ष दिले, तर त्याचे आयुष्य निरोगी होईल आणि त्याच्याशी खेळणारी मुलेही सुरक्षित राहतील.